जावयाला उष्टी हवा

जबलपुरातली निम्मी माणसं माझ्या साडूभाऊंनी आजवर बेशुद्ध केलेली आहेत आणि उरलेली निम्मी त्यांचं बोलणं ऐकून आपोआप झालेली आहेत. हे मी वाढवून सांगत नाही. निम्मे आणि निम्मे मिळून शहरच संपतं, तेव्हा वाढवायला जागा उरत नाही. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशाने भूलतज्ज्ञ, सिविल लाइंसमधल्या एका खाजगी इस्पितळात. आम्ही सगळे त्यांना भाऊजी म्हणतो. भाऊजींना देवाने आवाजच असा दिलाय की औषध ही केवळ औपचारिकता वाटावी. आमच्या मुलीला दात येत होते तेव्हा सगळं घर जागून जागून पिवळं पडलं होतं. भाऊजींनी तिला मांडीवर घेतलं आणि यंदा कूलरची गवतं कशी निकृष्ट येऊन राहिली याबद्दल चार वाक्यं सांगितली. मुलगी झोपली, तिला खेळवायला आलेली शेजारीण झोपली, आणि दारातलं कुत्रं, जे त्या गल्लीत येणाऱ्या प्रत्येक पोस्टमनला ओळखून चावत असे, तेही पाय वर करून पडलं. पोस्टमनने त्या दिवशी महिन्याभराची पत्रं टाकून घेतली म्हणतात.

माणूस भेटला की आपण चेहरा बघतो, भाऊजी गळा बघतात, भूल देताना श्वासाची नळी घालायला सोपा की अवघड. हात मिळवतानाही त्यांचं लक्ष मनगटाच्या शिरेवर. माझ्या पुतणीला बघायला कटनीचा मुलगा आला होता, सोबत त्याचे आईवडील. पोहे झाले, चहा झाला, आणि भाऊजी एकदम पुढे सरकून मुलाला म्हणाले, "ज़रा मुँह खोलिए. पूरा. जीभ बाहर. अब गर्दन पीछे." मुलगा बिचारा सरळ. मराठी लोकांत ही चाल असेल असं समजून त्याने आ वासला, मान मागे टाकली आणि छताकडे बघत बसून राहिला. भाऊजींनी आत डोकावून समाधानाने मान हलवली आणि आम्हाला म्हणाले, "करून टाका लग्न. नळी एका झटक्यात जाईल." मुलाचे वडील बराच वेळ हळू आवाजात बायकोला विचारत होते, "कौन सी नली?" लग्न झालं. पण ते व्याही अजूनही आमच्या घरी आले की तोंड मिटून बसतात.

हे झाले फुटकळ छंद. भाऊजींचं खरं वेड म्हणजे मंद. जगातली प्रत्येक गोष्ट गरजेपेक्षा जोरात सुरू आहे आणि ती कमी करून ठेवायला आपला जन्म आहे, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांच्या घरच्या नळाची धार दोऱ्याएवढी. सकाळी बादली लावली की माणूस भाजी घेऊन येतो, पेपर वाचतो, देवळात जाऊन येतो, तेव्हा कुठे पहिला तांब्या मिळतो. रेल्वेचं फाटक बंद असलं की भाऊजी स्कूटर उभी करून प्रत्येक गाडीची काच ठोठावत जातात, "भैया, इंजन बंद कीजिए. गाड़ी अभी दूर है." एकदा एका ट्रकवाल्याने त्यांचं ऐकलं. फाटक उघडलं, ट्रक काही सुरू होईना. वैशाखातल्या उन्हात भाऊजींनी तो ट्रक मागून ढकलला, आणि ढकलता ढकलता ड्रायव्हरला सांगत होते की बघा, असाच चालला तर किती बरं, धूर म्हणून नाही. आमच्या मुलीच्या लग्नात हलवायाने कढई उतरवून ठेवली आणि भट्टी तशीच भडकत ठेवली. भाऊजी रेशमी झब्ब्यात तिथे गेले आणि बटण फिरवून मोकळे झाले. हलवाई झारा घेऊन धावला. "डॉक्टर साहब, हम आपके ऑपरेशन में घुसते हैं क्या?" भाऊजी म्हणाले, "आइए न. कब खाली हैं?"

या सगळ्याचा उगम त्यांच्या धंद्यात आहे हे मला फार उशिरा कळलं. आणि कळलं म्हणजे नेमकं काय कळलं हे विचारू नका. इतकी वर्षं दर रविवारी भाऊजी आमच्या अधारतालच्या घरी येत, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसत आणि मला तेच समजावून सांगत; दर रविवारी मी निम्म्यात पेंगत असे. तुकडे तुकडे जे कानात राहिले ते असे. रोग्याला झोपवायला जो वायू देतात तो त्याच्या अंगात मुरत नाही. जसा आत गेला तसाच जवळजवळ सगळा बाहेर येतो, नळीतून इस्पितळाच्या बाहेर सोडतात, आणि तो वर जाऊन पृथ्वीभोवती रजईसारखा बसून तिला तापवतो. मी विचारलं, "मग वरचे कावळे झोपून खाली पडत नाहीत काय?" भाऊजींनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, सिविल लाइंसमधल्या कचेऱ्यांतले बाबू जेवणानंतर टेबलावर डोकं टेकतात ते याच वायूने असणार, तुमची नळी तिकडेच तोंड करून आहे. यावर ते उठून घरी निघून गेले.

पुढच्या रविवारी ते माझ्यासाठी सोपं करून घेऊन आले. मी संरक्षण खात्याच्या गाड्यांच्या कारखान्यात उभा जन्म घालवलेला माणूस, मला मोटार कळते. म्हणाले, "साडूभाऊ, बघा. एक वायू असा आहे की तासभर वाहू दिला तर मोटार इथून नागपूरला नेल्याएवढं नुकसान. दुसरा आहे, तोही तेवढाच छान झोपवतो, पण त्याचं नुकसान म्हणजे फार तर गावाबाहेरच्या तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत. मग कोणता द्यावा?"

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हटलं, "नागपूरचा."

"काहून?"

"तिलवाऱ्यालाच जाग आली तर काय करायचं, भाऊजी? पोट उघडं!"

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की आजवर त्यांनी कुणाच्या गळ्याकडेही तसं पाहिलं नसेल.

इस्पितळातही त्यांची हीच गत होती. तिथे भुलेच्या जोडीला देतात त्या हसवणाऱ्या वायूची एक जुनी नळी भिंतीभिंतीतून फिरवलेली होती. भाऊजींचं म्हणणं, ती सांध्यासांध्यातून गळते, रोग्याच्या नाकात जातो त्याहून जास्त वायू भिंतीतच हवेत जातो, तेव्हा ती नळी बंद करा, लागेल तेव्हा यंत्राला छोटं सिलिंडर लावू. शिवाय तो नागपूरवाला वायू सोडा आणि दुसरा मंद धारेने द्या. इस्पितळाचे मालक स्वतःच सर्जन, रायपूरकडचे, तरणेबांड, सतत घाईत. ते म्हणायचे, "दादा, सब बढ़िया चल रहा है, काहे को छेड़ना?" भाऊजी जेवणाच्या सुट्टीत बोलायला जात तर सर्जन डबा घेऊन दुसऱ्या खोलीत, जिन्यात गाठत तर ते लिफ्टने. एक दिवस फारच पिच्छा पुरवला तेव्हा सर्जन वैतागून म्हणाले, "ठीक है. पहले अपने घर के आदमी पर करके दिखाइए. मेरे पेशेंट पर बाद में."

माझ्या पित्ताशयाने नेमका हाच मुहूर्त धरला. शेवभाजी आणि बासुंदी असा साधाच आहार झाला होता, आणि मध्यान्ही पोटात अशी कळ आली की मी देवघरातल्या सगळ्यांना नावानिशी हाका मारल्या. सोनोग्राफीत खडे निघाले. दुर्बिणीने काढायचे ठरले. भाऊजी रिपोर्ट उजेडाकडे धरून बघत होते, आणि तुम्हाला सांगतो, माझ्या खड्यांकडे बघून त्या माणसाचे डोळे पाणावले. आनंदाने. "साडूभाऊ," ते म्हणाले, "घरचा माणूस तर तुम्ही आहातच." एवढ्या वर्षांत मला इतक्या मायेने त्यांनी कधी हाक मारली नव्हती. नाही म्हणायची सोयच उरली नाही. हे जमलं तर नळी बंद. फसलं तर भाऊजी जन्मभर जिन्यात उभे.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. मूळच्या अमरावतीकडच्या, लग्न होऊन जबलपुरात आल्या त्याला आता युगं लोटली, पण बोलणं तिकडचंच. त्यांच्यापुढे भाऊजींनी सगळी योजना मांडली ही त्यांची चूक, आणि ती फार खुलासेवार मांडली ही त्याहून मोठी. ताजा वायू भसाभसा न सोडता थोडाच सोडायचा, रोग्याने बाहेर टाकलेला श्वास गोल फिरवून पुन्हा त्यालाच द्यायचा. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"म्हणजे उष्टी हवा?"

भाऊजी म्हणाले, "उष्टी असं नाही म्हणता येणार, आई."

"बाहेर टाकलेली ना? पुन्हा तोंडात घालता ना? मग उष्टीच." त्यांनी ताट खाली ठेवलं. "धोंड्याच्या महिन्यात चांदीच्या वाटीत अनारसे देते मी जवाईबापूले. पाय धुते. आन् तुम्ही मोठे जवाई होऊन लहान्या जवायाले उष्टी हवा देता? लोक काय म्हणतीन मले?"

"कोणाची दुसऱ्याची नाही आई, त्यांचीच आहे ती. त्यांनी सोडलेली, त्यांनीच घेतलेली."

"टाकलेलं पुन्हा उचलू नये, हे तं लेकराले बी सांगतो आपण."

मी म्हटलं, "मला काय वाटतं, मी सांगू का?"

"तुम्ही राहू द्या," बायको म्हणाली. "तुम्हाला यातलं काही समजत नाही."

हे खरंच होतं, तेव्हा मी माझ्या नाकाचं भवितव्य ऐकू लागलो. सर्जनला जिन्यात गाठणं सोपं, पण सासूबाईंच्या शब्दाबाहेर आमच्या घरात एकही ऑपरेशन आजवर झालेलं नाही. शेवटी ते म्हणाले, "आई, मधे चुना असतो."

"कोणता चुना?"

"पांढरे दाणे असतात, डब्यात भरलेले. श्वास त्याच्यातून जातो. वाईट तेवढं चुना धरून ठेवते, बाकीचं स्वच्छ होऊन पुढं जाते. दमला की चुना जांभळा पडते, मग आम्ही बदलून टाकतो."

"खरा चुना? पानाचा?"

"त्याच्याच घराण्यातला."

सासूबाईंनी मनात हिशेब केला. त्यांच्या माहेरी विहीर उपसली की त्यात चुना टाकत, मग ते पाणी देवालाही चालत असे. विहिरीला चालतं ते जावयाला का चालू नये? त्यांनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं. "चुना असला तं चालते. पण एक सांगते. पहिला श्वास कोरा पाहिजे. सुरुवात उष्ट्यानं नाही करायची."

भाऊजी खुर्चीतून उठले, म्हणजे जवळजवळ उडालेच. "आई! तोच तर नियम आहे! सुरुवातीला कोरा ऑक्सिजनच देतो आम्ही, भरपूर! मग हळूहळू मंद करतो! पुस्तकात तसंच आहे!"

"पुस्तकात असो का नसो," सासूबाई म्हणाल्या, "माह्या घरात आहे."

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाई इस्पितळाच्या बाकावर माळ घेऊन बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नर्सला विचारत होत्या, "चुना नया डाला क्या दीदी?" मला आत नेलं. ती खोली इतकी थंड होती की पेंग्विन स्वेटर मागेल. वर दिव्यांचं मोठं थाळं. त्या थाळ्याखाली उताणा पडल्यावर माझी सगळी बहादुरी गळून गेली, आणि माझा जुना संशय फणा काढून उभा राहिला. मंद म्हणजे कमी. कमी म्हणजे अर्धवट. म्हणजे मी अर्धवट झोपणार. सुरी फिरताना मला सगळं कळणार आणि ओरडताही येणार नाही. तेवढ्यात डोक्यामागून भाऊजींचा चेहरा उलटा वर आला, हनुवटी वर, कपाळ खाली. मास्क होता तरी ते हसताहेत हे कळत होतं. पण हात! माझ्या खांद्यावरची चादर तो चौथ्यांदा नीट करत होता. माझ्यापेक्षा ते जास्त घाबरले होते. जन्मभर लोकांना झोपवणारा माणूस, आणि आज घरचं माणूस टेबलावर, समोर तो घाईतला सर्जन, बाहेर सासूबाई.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. खरं म्हणजे त्यांनी मला झोपवायला सुरुवात करू नये म्हणून बोललो, तेवढाच वेळ निघेल. म्हटलं, "भाऊजी, ते सगळं एकदा पहिल्यापासून सांगा ना. मला खरंच समजून घ्यायचं आहे."

त्यांनी चादर सोडली. "खरंच?"

"खरंच."

त्यांनी माझ्या तोंडावर मास्क धरला, कोरी हवा सुरू झाली, सासूबाईंच्या हुकुमाप्रमाणे, आणि भाऊजी सांगू लागले. देवाशपथ सांगतो, मला सगळं समजलं. झोपेची खोली आणि धारेचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी का, हे समजलं. आतल्या हवेत वायू किती आहे ते यंत्र दर श्वासाला मोजून दाखवतं, तो पुरेसा असला की धार कितीही बारीक असो, माणूस पुरताच झोपतो, हे समजलं. वाया जातो तो रोग्याचा नसतोच, तो नुसता ओतलेला असतो. भाऊजी ट्रक का ढकलतात, भट्टी का विझवतात, नळाची धार दोऱ्याएवढी का ठेवतात, सगळं एका ओळीत माझ्यापुढे उभं राहिलं, स्वच्छ, चकचकीत. मला वाटलं, अरे, एवढं सोपं होतं? हातातल्या सुईतून काहीतरी जळजळत वर चढलं, आणि मी भाऊजींना सांगणार होतो की समजलं.

डोळे उघडले तेव्हा खोली दुसरी होती. पोटावर चिकटपट्ट्या, घशात खरखर. मी घाईघाईने डोक्यात हात घालून पाहिला, तर तिथे काही नाही. सगळं गेलेलं. नागपूर, चुना, कावळे, तेवढंच पूर्वीसारखं विस्कटून पडलेलं. सासूबाई तोंडाजवळ वाकून वास घेत होत्या. "इतक्यात जागे? कमीच दिलं म्हणते मी," त्या बायकोला म्हणाल्या, आणि मी पाणी मागितलं तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली की जावई शाबूत आहे.

मग सर्जन आले. माझ्यापेक्षा तेच बेशुद्ध पडायच्या बेतात दिसत होते. "अंकल जी, आपने इनसे पूछा क्यों?" ते खाटेच्या दांड्याला धरून म्हणाले. "आप तो सो गए. ये रुके ही नहीं. मॉनिटर देखते जा रहे हैं और बोलते जा रहे हैं. पूरे ऑपरेशन भर! मेरे दोनों हाथ औज़ारों में फँसे हुए, भागता कहाँ? पहली बार पूरा सुनना पड़ा."

"फिर?" बायकोने विचारलं.

सर्जनने मान खाली घातली. "फिर क्या. बात तो सही है. पाइप बंद करवा रहा हूँ. और दादा जैसे कहें वैसे चलेगा. बस मुझे दोबारा न सुनाएँ."

दाराशी भाऊजी उभे होते, टोपी काढलेली, केस घामाने चिकटलेले. त्यांना इतकं लहान दिसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मिठाईच्या दुकानापुढे पोरं उभी असतात तसे उभे होते.

आता तिथे ती नळी नाही. मंद धार रोजचीच झाली, नवीन आलेले डॉक्टर म्हणे असं धरून चालतात की इथे पहिल्यापासून असंच आहे. भाऊजी रविवारी येतात, पण बोलत नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलेलं नाही. मी मुद्दाम काहीतरी भलतंच बोलून पाहतो. ते एका वाक्यात दुरुस्त करतात आणि रस्त्यावरच्या भाजीवाल्याकडे बघत बसतात. दुपार माझ्यापुढे टक्क उघडी पडून असते. झोप म्हणून येत नाही.

परवा चहा घेता घेता त्यांनीच एकदम विचारलं, "साडूभाऊ, त्या दिवशी तुम्ही कुठपर्यंत ऐकलं होतं?"

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, पण इतक्या चटकन एकही नाही. म्हटलं, "शेवटपर्यंत."

मी कोणत्या शब्दावर झोपलो हे साऱ्या जगात ज्या एका माणसाला ठाऊक आहे, त्यालाच मी हे सांगत होतो. औषध त्याच्याच हाताने गेलं होतं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला, चष्मा काढून झब्ब्याच्या टोकाने बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "अच्छा. चला, बरं झालं."